सीटी-मार्गदर्शित बायोप्सी आणि निचरा: रेडिएशनचा डोस टप्प्याटप्प्याने आटोक्यात कसा ठेवावा

सीटीच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी करणे (सुईने गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणे) किंवा पिगटेल (पू वाहून जाण्यासाठीची, टोकाला वेटोळे असलेली नळी) घालणे हे काम आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी १६ स्लाइसच्या मशीनवरही फुफ्फुसातील गाठीची बायोप्सी आणि यकृतातील गळवाचा निचरा नियमितपणे केला जातो. या कामात रुग्णाला किती रेडिएशन मिळते याकडे मात्र लक्ष उशिरा जाते, आणि गेले तरी ते सुई पुढे सरकवताना घेतलेल्या छोट्या स्कॅनवर जाते. प्रत्यक्षात डोसचा मोठा वाटा बहुधा सुई टोचण्याआधीच्या प्लॅनिंग स्कॅनमध्ये आणि काम संपल्यानंतरच्या तपासणी स्कॅनमध्ये असतो, कारण हे दोन्ही स्कॅन सवयीने निदानाच्या प्रोटोकॉलवर (मशीनमध्ये साठवलेल्या ठरावीक सेटिंगवर) आणि गरजेपेक्षा लांब घेतले जातात. पुढील मार्गदर्शन रेडिऑलॉजिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी कामाच्या क्रमाने लिहिले आहे. जिथे बचतीला वाव मोठा आहे तिथे तपशीलही जास्त दिला आहे.

कन्सोलवरील आकडे आधी नीट वाचावेत

प्रत्येक स्कॅनपूर्वी आणि स्कॅननंतर कन्सोलवर दोन आकडे दिसतात. सीटीडीआय-व्हॉल हा आकडा मिलिग्रेमध्ये असतो आणि मशीनने त्या भागात किती तीव्रतेने क्ष-किरण सोडले हे सांगतो. डीएलपी म्हणजे त्याच आकड्याला स्कॅनच्या लांबीने गुणून आलेले, मिलिग्रे-सेंटिमीटरमधील मोजमाप. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत डीएलपीला छातीसाठी ०.०१४ ने आणि पोटासाठी ०.०१५ ने गुणले की इफेक्टिव्ह डोसचा (पूर्ण शरीराच्या दृष्टीने मोजलेल्या डोसचा) मिलिसिव्हर्टमधील ढोबळ अंदाज मिळतो. हा अंदाज दोन पद्धतींची किंवा दोन प्रोटोकॉलची तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. समोरच्या एका रुग्णाचा वैयक्तिक धोका त्यावरून ठरवू नये.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली गोष्ट अशी की धडासाठीचा सीटीडीआय ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या फँटमवर (शरीराऐवजी मोजमापासाठी वापरतात त्या ठोकळ्यावर) आधारलेला असतो. क्षयरोगाने किंवा कर्करोगाने खंगलेल्या रुग्णाच्या छातीचा प्रभावी व्यास २२ सेंटिमीटर असेल, तर एएपीएम या अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २०४ क्रमांकाच्या अहवालातील तक्त्यानुसार त्या आकड्याला सुमारे १.६५ ने गुणावे लागते. म्हणजे कन्सोलने ५ मिलिग्रे दाखवले तरी त्या कृश शरीरातला डोस ८ मिलिग्रेच्या वर असतो. आपल्याकडे बायोप्सीला येणारे रुग्ण पुष्कळदा असेच असतात, म्हणून हा मुद्दा पुस्तकी समजू नये. दुसरी गोष्ट अशी की टेबल एकाच जागी ठेवून पुन्हा पुन्हा स्कॅन घेतल्यावर सीटीडीआयच्या आकड्यांची बेरीज त्वचेचा खरा डोस दाखवत नाही; ती साधारणपणे प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. तरीही ती बेरीज करावी, कारण धोक्याची कल्पना देणारे दुसरे साधन कन्सोलवर सहसा नसते.

त्वचेवर तात्पुरती लाली येण्यासाठी साधारण २ ग्रे, म्हणजे २००० मिलिग्रे डोस लागतो आणि साध्या बायोप्सीत आपण त्याच्या जवळपासही जात नाही. परंतु लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयात मेंदूच्या परफ्यूजन (रक्तप्रवाह पाहणाऱ्या) सीटीचे सेटिंग बदलल्यामुळे २०६ रुग्णांना अपेक्षित अर्ध्या ग्रेऐवजी ३ ते ४ ग्रेपर्यंत डोस मिळाला, आणि २००९ मध्ये ते उघडकीस येईपर्यंत सुमारे १८ महिने गेले होते. टेबल स्थिर असताना एकाच पट्ट्यावर वारंवार किरण पडणे ही त्या तपासणीतील परिस्थिती आपल्या कामातही असते. म्हणून ज्या मशीनवर डोस-चेकची, म्हणजे डोस ठरलेल्या आकड्याबाहेर जात असल्यास इशारा देणारी, सोय आहे तिथे १००० मिलिग्रेचा इशारा चालू ठेवावा आणि तो इशारा आला की कारण पाहिल्याशिवाय पुढे जाण्याचे बटण दाबू नये.

पहिला टप्पा: सीटीची गरज आहे का, हे ठरवणे

यकृताच्या पृष्ठभागाजवळची गाठ, मोठे गळू, फुफ्फुसाच्या आवरणाला चिकटलेली गाठ, मानेतली किंवा काखेतली लसीका ग्रंथी या सर्वांसाठी सोनोग्राफी पुरेशी असते, त्यात रेडिएशन नसते आणि सुई सतत डोळ्यांसमोर राहते. सीटीवर घेतलेल्या सर्व काळजीपेक्षा ही निवड अधिक डोस वाचवते. कधी सोनोग्राफीने सुई घालून शेवटची खात्री एका छोट्या स्कॅनने करता येते. ही मिश्र पद्धत वापरण्यात कमीपणा मानू नये.

सीटी लागणारच असेल, तर जुना स्कॅन आदल्या दिवशी उघडून पाहावा. गाठ कोणत्या मणक्याच्या पातळीवर आहे, कोणत्या बरगडीखालून वाट मिळते, वाटेत रक्तवाहिनी किंवा फुफ्फुसाची भेग येते का आणि रुग्णाला उताणे, पालथे की कुशीवर झोपवावे, हे सर्व जुन्या चित्रांवरच ठरवता येते. पेट-सीटी (पेशींची क्रियाशीलता दाखवणारा स्कॅन) उपलब्ध असेल तर गाठीचा कोणता भाग जिवंत आहे तेही कळते, आणि मृत भागातून नमुना घेऊन पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ टळते. रुग्ण स्त्री असेल आणि वय गर्भधारणेचे असेल, तर शेवटच्या पाळीची तारीख विचारून कागदावर लिहावी.

दुसरा टप्पा: रुग्णाची स्थिती आणि मध्यभाग

सुईला जागा मिळावी म्हणून टेबल खाली घेण्याची किंवा रुग्णाला एका बाजूला सरकवण्याची सवय सर्वत्र आढळते. गॅन्ट्रीचा (ज्या कड्यातून रुग्ण आत सरकतो त्याचा) मध्यबिंदू शरीराच्या मध्यभागी नसला की दोन गोष्टी बिघडतात. किरणांना आकार देणारा बो-टाय फिल्टर शरीराच्या आकाराशी जुळत नाही, त्यामुळे एका बाजूच्या त्वचेला डोस जास्त मिळतो आणि चित्रात दाणेदार खरखर वाढते. शिवाय शरीर क्ष-किरण ट्यूबच्या जवळ गेले की स्काउटमध्ये (स्कॅनची जागा ठरवण्यासाठी आधी घेतलेल्या सपाट चित्रात) ते प्रत्यक्षापेक्षा फुगलेले दिसते आणि एमए (ट्यूबमधील विद्युतप्रवाह) आपोआप ठरवणारी यंत्रणा त्या फुगलेल्या आकारासाठी जास्त एमए देते. म्हणून स्काउट आणि प्लॅनिंग स्कॅन रुग्ण मध्यभागी ठेवूनच घ्यावेत. सुईच्या लांबीमुळे टेबल खाली घ्यावेच लागले, तर त्यानंतरच्या छोट्या स्कॅनसाठी एमए हाताने ठरवावा.

वेळ देण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे श्वास. फुफ्फुसाच्या खालच्या भागातील आणि यकृतातील गाठी श्वासाबरोबर वरखाली जातात, आणि प्रत्येक वेळी श्वास वेगळ्या ठिकाणी थांबला तर सुई योग्य असूनही गाठ चित्रात सापडत नाही व स्कॅन वाढत जातात. खोल श्वास प्रत्येक वेळी वेगवेगळा होतो. नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतरची जागा बरीच स्थिर असते. रुग्णाला टेबलावर झोपवल्यावर, यंत्र सुरू करण्यापूर्वी, शांतपणे सांगावे: “काका, रोजच्यासारखा श्वास घ्या, रोजच्यासारखाच सोडा, आणि मी सांगेपर्यंत तसेच थांबा. जोर लावू नका.” हे तीन-चार वेळा करून घ्यावे आणि पोटावर हात ठेवून ते एकाच जागी थांबते का ते पाहावे. रुग्णाला जी भाषा सवयीची असेल त्या भाषेत टेक्नॉलॉजिस्टने हीच सूचना प्रत्येक स्कॅनला त्याच शब्दांत द्यावी. या सरावाला लागणारी दोन-तीन मिनिटे नंतरचे बरेच निरर्थक स्कॅन वाचवतात.

तिसरा टप्पा: प्लॅनिंग स्कॅन

सर्वांत मोठी बचत इथे आहे. निदानाचा स्कॅन आधीच झालेला असतो. प्लॅनिंग स्कॅनला फक्त गाठ, वाट आणि वाटेतील धोके दाखवायचे असतात. त्यासाठी सर्व छाती किंवा सर्व पोट पुन्हा स्कॅन करण्याचे कारण नाही. जुन्या स्कॅनवरून पातळी ठरवून, त्वचेवर ग्रिड (स्कॅनमध्ये दिसणाऱ्या खुणांची पट्टी) चिकटवून, गाठीच्या वर आणि खाली चार-पाच सेंटिमीटर मोकळीक ठेवून लांबी ठरवावी.

एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. यकृतातील गाठीसाठी कोणी ४० सेंटिमीटर लांबीचा स्कॅन १२ मिलिग्रेवर घेतला, तर डीएलपी ४८० होतो, म्हणजे सुमारे ७.२ मिलिसिव्हर्ट. तोच स्कॅन १२ सेंटिमीटर लांबीचा आणि ६ मिलिग्रेवर घेतला, तर डीएलपी ७२ होतो, म्हणजे १.१ मिलिसिव्हर्ट. सुई सरकवताना २ सेंटिमीटरचे आठ स्कॅन ३ मिलिग्रेवर घेतले, तर त्या आठांचा मिळून डीएलपी ४८ येतो. शेवटी पुन्हा ४० सेंटिमीटरचा स्कॅन घेणाऱ्याची बेरीज १००८ होते. शेवटचा स्कॅन १५ सेंटिमीटर आणि ४ मिलिग्रेवर आटोपणाऱ्याची बेरीज १८० होते. १५ मिलिसिव्हर्ट आणि २.७ मिलिसिव्हर्ट यांतील या अंतरात सुईच्या आठ स्कॅनचा वाटा दोन्हीकडे सारखाच, पाऊण मिलिसिव्हर्टहून कमी आहे. जगाचा सरासरी नैसर्गिक पार्श्वभूमी डोस वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे, हे ध्यानात घेतल्यास या फरकाचे मोल कळते.

केव्ही (ट्यूबला दिलेला व्होल्टेज) आणि एमए ठरवताना आपल्याला काय पाहायचे आहे हे विचारावे. एमए अर्धा केला की डोस अर्धा होतो, पण चित्रातील खरखर दुप्पट न होता सुमारे दीडपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. एमए तोच ठेवून १२० केव्हीवरून १०० वर आले की डोस साधारण एक तृतीयांशाने उतरतो. फुफ्फुसात हवेच्या पार्श्वभूमीवर गाठ आणि धातूची सुई दोन्ही ठळक दिसतात, म्हणून तिथे १०० केव्ही आणि अगदी कमी एमए चालतो, आणि कृश रुग्णाला किंवा लहान मुलाला ८० केव्हीही पुरतो. हाडाच्या बायोप्सीचेही तसेच आहे. यकृत, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेताना विचार करावा, कारण साध्या स्कॅनवर गाठ आजूबाजूच्या पेशींपासून वेगळी दिसतच नसेल तर कमी डोसचे अंधूक चित्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. अशा वेळी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या व गाठ उठून दिसण्यासाठीचे औषध) देऊन एकदाच पुरेशा डोसचा, परंतु आखूड स्कॅन घेणे आणि पुढचे सर्व स्कॅन शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या खुणांवरून कमी डोसवर करणे हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. सगळीकडे सारखीच काटकसर केल्याने एकूण डोस वाढू शकतो.

स्लाइसच्या जाडीबाबतही असाच विवेक लागतो. जाड स्लाइसमध्ये खरखर कमी दिसते, म्हणून ३ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ५ मिलिमीटरची स्लाइस कमी एमएवरही स्वच्छ वाटते. एक सेंटिमीटरच्या आतील गाठीत मात्र तीच जाड स्लाइस सुईचे टोक गाठीत असल्याचा खोटा भास निर्माण करते. तिथे पातळ स्लाइस घ्यावी आणि खरखर सहन करावी. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनची (गणिताने चित्रातील खरखर कमी करण्याची) सोय मशीनवर असेल तर ती याच वेळी कामी येते, मात्र ती चालू करून एमए तोच ठेवला तर रुग्णाला काहीच फायदा होत नाही.

प्रोटोकॉलची यादी उघडल्यावर ‘बायोप्सी छाती’ आणि ‘बायोप्सी पोट’ अशा स्वतंत्र नोंदी कन्सोलवर असायलाच हव्यात. त्या नसतील तर घाईच्या वेळी टेक्नॉलॉजिस्ट नेहमीचा निदानाचा प्रोटोकॉलच निवडणार, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही.

चौथा टप्पा: सुई पुढे नेताना

आपल्या बहुतेक केंद्रांत सीटी फ्लुरोस्कोपी (सुई नेतानाच खोलीत चित्र दाखवणारी सोय) नसते. डॉक्टर सुई सरकवतात, खोलीबाहेर येतात, छोटा स्कॅन होतो आणि पुन्हा आत जातात. यात डॉक्टरला डोस जवळजवळ मिळत नाही. रुग्णाचा डोस स्कॅनच्या संख्येवर अवलंबून राहतो, म्हणून प्रत्येक स्कॅन एखाद्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी घ्यावा.

पहिली सोय म्हणजे भूल देण्याची सुई. जागा बधिर केल्यावर ती बारीक सुई काढून न घेता तिथेच ठेवून पहिला स्कॅन घ्यावा. तिच्यावरून कोन आणि बरगडीशी असलेले अंतर कळते, आणि मुख्य सुई तिच्या शेजारून, दुरुस्त केलेल्या कोनात घालता येते. दुसरी सोय लेझरची. ठरलेल्या पातळीवर टेबल आणून लेझरची रेषा त्वचेवर पाडावी, आणि सुईचे टोक टोचलेली जागा व वरचा हब (सुईची मूठ) हे दोन्ही त्या रेषेवर असल्याची खात्री करून मगच सुई पुढे न्यावी. सुई रेषेबाहेर कलली की टोक वरच्या किंवा खालच्या स्लाइसमध्ये निसटते आणि ते शोधण्यासाठी स्कॅनवर स्कॅन होतात. गॅन्ट्रीबाहेरचे लेझर आणि आतले लेझर यांच्यात ठरावीक अंतर असते. आपण कोणते वापरतो आहोत हे दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगावे.

चित्रात सुईच्या टोकापुढे काळी छाया दिसली की टोक त्या स्लाइसमध्ये आहे असे समजावे. सुई अचानक संपलेली दिसते आणि पुढे छाया नाही, तर टोक दुसऱ्या पातळीवर गेलेले आहे. ही खूण ओळखता आली की टोक शोधण्यासाठी लांब स्कॅन घेण्याची गरज उरत नाही. शेजारच्या दोन-तीन स्लाइस पुरतात.

छोटे स्कॅन हेलिकल (टेबल सरकत असताना) न घेता अॅक्सियल, म्हणजे टेबल न हलवता घ्यावेत. हेलिकल स्कॅनमध्ये चित्र तयार करण्यासाठी यंत्र दोन्ही टोकांना जास्तीचा भाग किरणांखाली घेते. ३० सेंटिमीटरच्या स्कॅनमध्ये तो भाग नगण्य असतो, पण २ सेंटिमीटरच्या स्कॅनमध्ये तो मूळ भागाशी बरोबरी करू शकतो. एमए आपोआप ठरवणारी यंत्रणा इथे बंद करून हाताने कमी एमए द्यावा.

कोअॅक्सियल पद्धतीत बाहेरची १७ गेजची सुई एकदा गाठीच्या तोंडाशी नेऊन ठेवली की आतून १८ गेजच्या बायोप्सी सुईने कितीही तुकडे घेता येतात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही. फुफ्फुसाच्या आवरणाला एकच छिद्र पडते हा आणखी फायदा. सायटोलॉजीचे (पेशी तपासणारे) डॉक्टर जागेवर येऊन नमुना पुरेसा आहे का हे पाहू शकत असतील, तर तेही बोलावून घ्यावे. अपुरा नमुना हा डोसच्या दृष्टीनेही मोठा तोटा असतो, कारण दुसऱ्या बायोप्सीत हा सारा डोस पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. कर्करोगाचा संशय असलेल्या वयस्कर रुग्णासाठी एक-दोन मिलिसिव्हर्ट वाचवण्याच्या नादात निदान चुकणे हे मला कधीच समर्थनीय वाटत नाही.

सीटी फ्लुरोस्कोपी असेल तर

मोठ्या केंद्रांत पायाने पेडल दाबून खोलीतच चित्र पाहता येते. ही सोय हलणाऱ्या, लहान गाठींसाठी अमोल आहे, पण इथे डॉक्टरचा डोसही मोजणीत येतो. पेडल सतत दाबून न धरता सुई थोडी सरकवावी, हात दूर करावा, एक क्षण पेडल दाबून पाहावे आणि पुन्हा सरकवावे. सतत चित्र पाहत सुई नेणे फार थोड्या प्रसंगी लागते. हात थेट किरणांत कधीही जाऊ देऊ नये; सुई धरावीच लागली तर लांब दांड्याचा धारक वापरावा. शिशाचे हातमोजे घातले म्हणून हात किरणांत ठेवता येतो, हा समज धोकादायक आहे. ट्यूब वरच्या बाजूने जाताना किरण बंद ठेवण्याची सोय काही मशीनवर असते. ती चालू ठेवावी.

खोलीत थांबणाऱ्यांचे संरक्षण

विखुरलेले किरण रुग्णाच्या शरीरातून निघतात आणि गॅन्ट्रीच्या तोंडासमोर, टेबलाच्या दिशेने ते सर्वाधिक असतात. गॅन्ट्रीच्या बाजूला, तिच्या जाड भिंतीच्या आडोशाला ते बरेच कमी असतात. स्कॅनच्या वेळी थांबावेच लागले तर एक पाऊल मागे आणि बाजूला, त्या आडोशाला जावे. अंतर दुप्पट केले की डोस साधारण चौथाई होतो. ०.५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचा अॅप्रन, थायरॉईड कॉलर आणि नियमित काम करणाऱ्यांसाठी शिशाचा चष्मा वापरावा. रुग्णाच्या अंगावर, स्कॅनच्या पट्ट्याबाहेर पायांच्या बाजूला शिशाचे कापड टाकल्यास डॉक्टरकडे येणारे विखुरलेले किरण बरेच घटतात. ते कापड पट्ट्यात शिरणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर चित्र बिघडते.

एईआरबीच्या (भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनुसार रेडिएशनच्या कामातील व्यक्तीसाठी इफेक्टिव्ह डोसची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. डोळ्याच्या भिंगासाठी आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११ मध्ये वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट इतकी कडक मर्यादा सुचवली. अंगावर पडलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, अॅप्रनच्या आत लावावा आणि काम संपल्यावर तो सीटीच्या खोलीत टांगून जाऊ नये; खोलीत राहिलेला बॅज तीन महिन्यांनी खोलीचा डोस सांगतो, माणसाचा नाही. भूलतज्ज्ञ, नर्स आणि रुग्णाला धरून थांबलेला नातेवाईक यांनाही अॅप्रन द्यावा. गर्भवती सहकाऱ्याने वेळेवर कळवावे आणि विभागाने तिला खोलीबाहेरचे काम द्यावे.

शेवटचा स्कॅन

फुफ्फुसाच्या बायोप्सीनंतर हवा साचली आहे का हे पाहण्यासाठी पूर्ण छाती लागत नाही. कमी केव्ही आणि कमी एमएवर, सुईच्या पातळीच्या आसपासचा आणि हवा जिथे चढते त्या सर्वांत वरच्या भागाचा आखूड स्कॅन पुरतो. त्यानंतरच्या तासांत देखरेख करायची ती छातीच्या साध्या एक्स-रेने किंवा सोनोग्राफीने करावी. साध्या एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असतो. निचऱ्याच्या बाबतीत पिगटेलचे वेटोळे पोकळीत आहे एवढेच पाहायचे असते, आणि पू मोकळा वाहत असेल तर पुढची तपासणी सोनोग्राफीवर सोपवावी.

नोंद आणि आढावा

अहवालात एकूण डीएलपी, स्कॅनची संख्या आणि एकाच जागेवरील सीटीडीआयची बेरीज लिहावी. साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रक्रियेचा प्रकार, रुग्णाचे वजन, प्लॅनिंग स्कॅनचा डीएलपी, सुईच्या स्कॅनचा डीएलपी आणि शेवटच्या स्कॅनचा डीएलपी असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. एकत्रित आकड्यावरून गळती कुठे आहे ते कळत नाही. एका प्रकारच्या वीस-तीस प्रक्रिया जमल्या की मधला आकडा, म्हणजे मीडियन, काढावा आणि त्याच्या बराच वर गेलेल्या प्रत्येक प्रक्रियेचे चित्र रेडिऑलॉजिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) यांनी एकत्र बसून पाहावे. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक सापडते: लांब प्लॅनिंग स्कॅन, चुकीचा प्रोटोकॉल किंवा श्वासाचा सराव न करता सुरू केलेले काम. लठ्ठ रुग्ण किंवा खोलवरची अवघड गाठ असेल तर जास्त आकडा योग्यच असू शकतो, आणि तसे वहीत त्या ओळीसमोर लिहून ठेवावे.